लव्हॉनचं सिंहासन

आमच्या गावात धान्याच्या कोठारापेक्षा उंच काही नाही आणि आर्विड स्कोगेनच्या आवाजापेक्षा मोठं काही नाही. मिनेसोटाच्या या सपाट रानात तो बोलला की शब्द मक्यावरून सरकत पार चर्चच्या दाराशी जातो. वीस वर्षं तो आमच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा प्रमुख. हाताने विझवायचं, तोंडाने लावायचं, असा त्याचा संसार.

गावाचं साप्ताहिक बंद पडलं तेव्हा लव्हॉन ब्रेकेने फेसबुकवर गावाचा ग्रुप काढला. ती कोठारावर ट्रकांचं वजन करते. हरवलेली कुत्री, बर्फाने अडलेले रस्ते, कोण गेलं, सगळं तिथेच कळतं. काय ठेवायचं, काय पुसायचं, हे एकटी लव्हॉन ठरवते. बर्फ काढणाऱ्या तिच्या मेव्हण्याबद्दल आर्विडने तक्रार लिहिली, ती तिने पुसली. मग आर्विडने लिहिलं, "गावाचं तोंड एका बाईच्या मुठीत! लोकहो, जाळा ते सिंहासन!"

तिने त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी वजनकाट्याच्या खोलीत तिच्या खुर्चीशेजारी पाण्याने भरलेली बादली. ट्रकवाले विचारत, ती शांतपणे सांगे, "अग्निशमन प्रमुख येणारेत, जाळायला."

गाव पोट धरून हसलं. आर्विडही हसला, आणि मध्येच थांबला. शनिवारी दलाचा पॅनकेकचा नाश्ता होता. त्यात जमलेल्या पैशांतूनच नवा पाइप यायचा होता. जुना पाइप आगीपेक्षा आमच्याच बुटांवर जास्त पाणी सोडायचा. आता गावाला सांगणार कोण? त्याने पोस्टाच्या फळ्यावर कागद लावला. दोन दिवसांत तो एकाच म्हातारीने वाचला, तोही चष्म्याशिवाय.

शेवटी तो टोपी हातात घेऊन वजनकाट्यावर गेला. मी तेव्हा काट्यावरच होतो, सोयाबीन घेऊन.

"ये, काडेपेटी आणलीस?" लव्हॉन म्हणाली.

"अगं, बोलायची पद्धत असते ती. मुद्दा खोटा होता का?"

"मुद्दा खराच होता. तक्रार पुसली, चुकलं माझं. पण माझ्या आईचं घर जळालं तेव्हा पाइप कोणाच्या हातात होता, आर्विड? तूच 'जाळा' म्हणालास, तर मी दार लावून झोपू कशी?"

आर्विडचा तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. "ते 'जाळा' मी परत घेतो," तो पुटपुटला. "बाकीचं नाही."

"बाकीचं ठेव. आणि ग्रुपची निम्मी मालकी घे. आजपासून तूही चालक."

तक्रार परत लागली, नाश्त्याची खबर गेली, शनिवारी रांग रस्त्यापर्यंत आली. दुपारी कुणीतरी लिहिलं, "पॅनकेक इतके चिवट, की त्यांचाच पाइप शिवा."

पाच मिनिटांत ते गायब.

आर्विडचा फोन वाजला. मी शेजारीच तवा घासत होतो, लव्हॉनचा आवाज मलाही ऐकू आला.

"काय रे आर्विड, बादली पाठवू?"

त्याने मान खाली घातली, आणि जाड बोटाने ते वाक्य परत लावलं.