भरीव पाव

माझे सासरे गवंडी. परांचीवरून पडून त्यांचा गुडघा गेला आणि त्यांच्या लेकाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांचं कामावर जाणं बंद केलं. मग त्यांनी घरातल्या सगळ्या भिंती बोटाने वाजवून पाहिल्या, बाथरूमच्या एका टाइलवरून घरमालकाशी भांडण उकरून काढलं, आणि करण्यासारखं काहीच उरलं नाही तेव्हा त्यांची नजर स्वयंपाकघराकडे वळली.

"दुकानातल्या पावात नुसती हवा असते," ते म्हणाले. "हवेला कशाला पैसे मोजायचे? मी घरी करतो. स्वस्त आणि भरीव."

भरीव झाला, त्यात वादच नाही. मैदा, यीस्ट, मीठ आणि पाणी कालवायला त्यांना त्यांची थापीच लागायची. गिलावा सपाट करायची लाकडी थापी, मीच घासून घासून धुतलेली. गोळा फुगला की "फुगवटा आला" म्हणून ते तो थापीने दाबून टाकत. तो पुन्हा फुगे, हे पुन्हा दाबत. भाजलेला पाव उलटा करून बोटाने वाजवायचा. बद्द आवाज आला तरच काम पास. पोकळ वाजला की परत ओव्हनमध्ये. पहिला पाव कापायला माझ्या नवऱ्याने करवत मागितली. दुसरा आम्ही दाराला अडसर म्हणून लावला, आणि खरं सांगते, दार आता आपटत नाही.

शेवटी सासूबाई बोलल्या. "रविवारचा पाव घरच्यांनी संपवला तर ठीक. नाहीतर तुम्ही आणि तुमची थापी, दोघंही माझ्या ओट्यापासून लांब."

सासरे थापी पुसायला लागले. मला फार वाईट वाटलं. परांची गेली, आता ओटाही गेला तर हा माणूस खिडकीशी बसून समोरच्या इमारतीच्या चुका काढणार, आणि त्या ऐकायच्या कोणी? मीच.

रविवारी त्यांनी गोळा मळला, भाजायच्या डब्यात ठेवून एकदा दाबला आणि पुढचा फुगवटा येईपर्यंत जरा टेकतो म्हणाले. टेकले ते घोरायलाच लागले. गोळा डब्याच्या काठाला आला तशी मी त्यांना उठवायला निघाले. सासूबाईंनी मला डोळ्यांनीच थांबवलं, डबा उचलला आणि गुपचूप ओव्हनमध्ये सरकवला.

वासाने ते जागे झाले. पाव टम्म फुगलेला, वरून तांबूस. त्यांनी तो उलटा करून वाजवला. पुन्हा वाजवला. चेहरा पार उतरला.

"गेलं काम. आतून सगळं पोकळ आहे. हे पाडावं लागेल."

"पाडते," म्हणत सासूबाईंनी सुरी घेतली.

प्रत्येक कापाबरोबर ते आमची माफी मागत होते. "सांभाळून घ्या, आत हवा राहिलीय." उत्तर द्यायला कोणाचं तोंड मोकळं नव्हतं. शेवटचा तुकडा सासूबाईंनी त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो सावकाश चावला.

"यात मी काय वेगळं केलं?"

"झोपलात."

जन्मात कधी काम टाकून न झोपलेला तो माणूस ताटलीतले कण बोटाने टिपू लागला. मग हळूच म्हणाला, "मग उद्या पण झोपू?"

"झोपा," सासूबाई म्हणाल्या. "पण इथेच, ओट्याजवळ. खुर्ची आणून ठेवते."