कुलूप न तोडता झालेली चोरी

ती फिर्याद मी अजून विसरलेलो नाही. शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावचा माणूस दुपारी ठाण्यात आला. घरातली पेटी उघडून कुणीतरी लोकांच्या कागदांची पिशवी नेली, असं त्यानं सांगितलं. गावातल्या विधवा आणि निराधार बायकांची पेन्शनची कामं तो करून देत असे. पिशवीत त्यांची आधार कार्डं आणि बँकेची पासबुकं होती.

आम्ही पंचनामा केला. पेटीतली रोकड जागेवर होती. कुलूप तुटलेलं नव्हतं, किल्लीनं उघडलेलं होतं. बाहेरचा चोर रोकड सोडून पासबुकं नेत नाही. संशय घरातल्यांवर होता.

पुढची खबर बँकेच्या शिपायाकडून आली. "साहेब, त्या गावच्या बाया या महिन्यात एकट्याच आल्या. दर महिन्याला ते फिर्याद देणारे भाऊ बरोबर असायचे."

मी एका म्हाताऱ्या अक्कांना विचारलं, "पासबुक कुठून आलं?"

"घरमाच व्हतं, साहेब. देव्हारामा सापडनं."

दुसरीचं धान्याच्या कोठीत सापडलं होतं, तिसरीचं उशीखाली. सगळ्या खोटं बोलत होत्या, आणि एकीच्याही चेहऱ्यावर भीती नव्हती. कुणाला तरी वाचवताना माणूस असा बोलतो.

मग महिला हवालदाराला शेजारी बसवून मी फिर्यादीच्या बायकोला विचारलं, "पेटीची किल्ली कुणाकडे असते?"

तिनं कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "चोरी नही करी, साहेब. ज्यानं त्याले दी टाकं बठ्ठं." म्हणजे ज्याचे कागद त्याला तिनंच परत दिले होते.

सरकारनं त्या सुमारास पेन्शनची पद्धत सोपी केली होती. एकच अर्ज, गावातच शिबिर, पैसे थेट खात्यात. शिबिरात चहा द्यायला ती गेली होती. मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका, असं शिबिरातल्या अधिकारी बाईंनी सांगितलेलं तिनं ऐकलं. नवरा तर कागद जमा ठेवायचा नियमच आहे असं सांगून दर महिन्याला आपला वाटा काढत होता. तिची आईही विधवा होती. घरी आल्यावर तिनं पेटी उघडली आणि घरोघरी जाऊन नवा नियम सांगत कागद परत केले.

अप्रामाणिक हेतू नसल्यानं ही चोरी होत नव्हती. नवऱ्यानं केलेली फसवणूक मात्र उघड होती. पण तक्रार द्यायला कुणी पुढे येईना. अक्का म्हणाल्या, "पेन्शन त्यानीच चालू करी दिधी. त्याना इरुद्ध कसं बोलानं?"

शेवटी बायकोनंच विचारलं, "मी जबाब दिधा ते कागदमा मनं नाव येई का?"

"येईल. घरी त्रासही होईल," मी म्हणालो.

तिनं जबाब दिला. ते कळल्यावर अक्का आल्या, मग बाकीच्या. गुन्हा दाखल झाला, फिर्यादीच आरोपी झाला. सासरच्यांनी तिला त्याच आठवड्यात बाहेर काढलं. ती अक्कांकडे राहू लागली, शिवणकाम करू लागली. नवरा जामिनावर सुटून धुळ्याला गेला, तो तिला घ्यायला आला नाही.

नोकरीत मी एक गोष्ट शिकलो. नियम सोपा झाला म्हणून मधला माणूस आपोआप जात नाही. नियम सोपा झालाय हे घरोघरी जाऊन कुणीतरी सांगावं लागतं. त्या गावात ते तिनं केलं आणि त्यापायी तिचं घर सुटलं. आमच्या तपासाच्या कागदांत ती फक्त एक साक्षीदार आहे. तेवढं पुरेसं नाही असं मला वाटतं, म्हणून हे लिहिलं.