पडदेवालीची होडी

पडद्यांच्या दुकानात बारा वर्षं मान मोडून शिवणयंत्र चालवल्यावर, एकतिसाव्या वर्षी तिला शिडाच्या होडीचा नाद लागला. होड्यांच्या क्लबाचं फाटकं शीड दुकानात शिवायला आलं होतं. ते परत द्यायला ती गेली आणि आली ती नखशिखान्त भिजून.

"शीड पोचवायला सांगितलं होतं," दुकानाचा मालक असलेला थोरला भाऊ म्हणाला, "पोहायला नाही."

"होडी चालवून बघितली, दादा."

"होडीने तुला चालवलेली दिसतेय."

क्लबात ती 'पडदेवाली' झाली. शर्यतीत नंबर ठरलेला, शेवटून पहिला. बाकीचे पुढच्याची पाठ धरून जात. हिच्या पुढचा केव्हाच नजरेआड झालेला असे. त्यामुळे किनाऱ्यावरच्या फळ्यावर लिहिलेला मार्ग, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या कोणत्या रंगाच्या बोयाला आधी वळसा घालायचा आणि कोणत्या नंतर, ती पेन्सिलीने होडीच्या कडेवर उतरवून घ्यायची. गिऱ्हाइकाच्या खिडकीचं माप घ्यावं तसं.

आठ वर्षांत शेवटून पहिलीची सातवी-आठवी झाली. तेवढ्यात सेक्रेटरींनी बोलावलं. होडी क्लबाची, आणि मागणारे वाढलेले. "वर्षअखेरच्या शर्यतीत पहिल्या तिनात आलात तर होडी तुमच्याकडे. नाहीतर द्यावी लागेल." स्वतःची होडी घ्यायची तर दुकान विकावं लागलं असतं, आणि दुकान दादाचं.

शर्यतीला सत्तावीस होड्या. सर्वांत पुढे दातांचे डॉक्टर, सलग पाच वर्षांचे विजेते. पिवळा बोया, लाल बोया, एक फेरी झाली तेव्हा ती नववी होती. नवव्याला कोण होडी देतंय? दुसऱ्या फेरीत पिवळ्याला वळसा घालून डॉक्टर पुन्हा लालकडे निघाले आणि त्यांच्यामागे सगळी वरात.

तिनेही पिवळ्याला वळसा घातला आणि कडेवर पाहिलं. पिवळा, लाल, पिवळा, पांढरा.

पांढरा डावीकडे, धक्क्याजवळ. तिकडे एकही शीड नव्हतं. पाच वर्षांचा विजेता चुकतो, की पडदेवाली? पण माप स्वतः घेतलेलं होतं, आणि स्वतः घेतलेल्या मापावर तिने आजवर बिनधास्त कात्री चालवली होती. तिने सुकाणू फिरवलं.

धक्क्यावरून दादाचा आवाज आला, "अगं शहाणे, शर्यत तिकडे आहे."

ती पांढऱ्याला वळसा घालत होती तेव्हा कुठे डॉक्टरांनी मागे पाहिलं. आधी ते हसले असावेत. मग त्यांची होडी गर्रकन वळली आणि पाठोपाठ एकामागून एक पंचवीस.

आता ती पहिली होती, आणि पहिल्याने काय करायचं असतं हे तिला कुणी शिकवलेलंच नव्हतं. डॉक्टर मात्र झपाट्याने जवळ येत होते. अंतिम रेषा शंभर हातांवर आली तेव्हा त्यांच्या होडीचं टोक तिच्या पाठीला लागलेलं. ते उजवीकडून काढायला गेले, ती उजवीकडे सरकली. डावीकडे गेले, ती डावीकडे. वारा मागून होता, त्यामुळे डॉक्टरांचं शीड तिचा वारा अडवू लागलं. तिचं शीड लुळं पडलं. तिने होडी जरा तिरकी काढली, मोकळ्या वाऱ्यात शिरली, शीड पुन्हा टम्म फुगलं, आणि भोंगा वाजला तेव्हा ती होडीभर अंतराने पुढे होती.

किनाऱ्यावर डॉक्टर फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "वाचता येतं मला. सवय गेली होती."

"फुकटचा नंबर लागला," दादा म्हणाला, पण तिची ओली दोरी स्वतःच्या खांद्यावर घेऊन.

फुकटचा की कसा ते पुढल्या वर्षी कळलं. सगळ्यांनी फळा तोंडपाठ केला होता, तरी पडदेवाली पहिली. त्याच्या पुढल्या वर्षीही.

त्या पहिल्या विजयाच्या दिवशी मात्र सेक्रेटरी रुबाबात म्हणाले, "ठरल्याप्रमाणे होडी तुमच्याकडेच राहील."

"राहू दे," ती केस पिळत म्हणाली, "पण शीड नवं लागेल. हे मी अकरा वेळा शिवलंय."