एकाच छपराखाली

औशातल्या आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल पुस्तक घरी द्यायचे ते लेक सासरी धाडल्यासारखं. पुस्तक आपल्या हातात यायचं, पण दुसरं टोक ते सोडायचे नाहीत. "जेवताना वाचू नका, सर," असं बजावल्यावरच पकड ढिली व्हायची.

परवा लातूरला ग्रंथपाल संघाची बैठक होती. मीही सोबत गेलो होतो. परदेशात लढाईत ग्रंथालयं जाळली, त्याच्या निषेधाचा ठराव वाचला गेला. आमचे ग्रंथपाल मधेच उठले. "निषेध करा, पर आधी दुखवटा पाळा. घरातलंच गेलंय." सगळं सभागृह दोन मिनिटं मान खाली घालून उभं राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून ते दिसेल त्याच्या पिशवीत पुस्तकं कोंबू लागले. चहावाल्याकडे शब्दकोश गेला. माझ्या घरी ज्ञानकोशाचे चार जाडजूड खंड आले.

"समदी एका छपराखाली ठेवणं बरं न्हाई, सर. गावभर पांगलेली बरी."

घरात जागा पुरेना, म्हणून मी एक खंड परत घेऊन गेलो. त्यांनी तो हातातही घेतला नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "का हो सर, लढाई सरली का?"