बाबांच्या लॅपटॉपमधले चार अँटिव्हायरस

बाबा गेल्यावर त्यांचा लॅपटॉप मी पुण्याहून इकडे अमेरिकेत, कॅरीला घेऊन आलो. त्यातले फोटो हवे होते. सुरू केला, तर एक फोल्डर उघडायला पाच मिनिटं. एवढी मेमरी कोण खातंय म्हणून पाहिलं, तर एक सोडून चार अँटिव्हायरस एकाच वेळी चालू होते आणि चारही मीच टाकलेले. दर सुट्टीत घरी गेलो की नवा टाकायचो, जुना काढायचं कधी सुचलं नाही. म्हणे आयटीवाला!

शेवटच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर बाबांचा चेहरा सारखा अडकायचा. "लॅपटॉप फार हळू चालतोय रे," ते म्हणायचे. मी खेकसायचो, "बाबा, तुम्ही वाट्टेल त्या लिंकवर क्लिक करता, दुसरं काय होणार!" मी मीटिंगचं कारण सांगून कॉल कट करायचो.

चारातले तीन काढून टाकले आणि लॅपटॉप उचलला, तेव्हा तळाला चिकटवलेली चिठ्ठी दिसली. दुरुस्तीवाल्यासाठी बाबांनी लिहून ठेवलं होतं: "यातले काहीही काढू नये. मुलाने स्वतः घालून दिले आहे."