कुंदीचा शेवटचा सवाल

हे गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या वरणाच्या गंजात शिंपले होते. दवाखान्यातून ह्यांचे कपडे न्यायला मी पवनीला घरी आले होते आणि आधी त्या गंजातलं पाणी बदलत होते. छातीत दुखत असताना, गाडीत बसता बसता ह्यांनी तेवढंच बजावलं होतं ना! फोनवर दीर रडत होते. मी नुसती हो, हो म्हणत राहिले... हातातला तांब्या खाली ठेवायचंही सुचलं नाही.

हे शाळेत चित्रकला शिकवायचे. नागपूरच्या एका पेपरात मुलांसाठी दर रविवारी त्यांची चार चौकटींची चित्रकथा यायची. दोन वेण्यांची कुंदी त्यात एकच सवाल विचारायची. धानाच्या बांधीत मासे येतात कुठून? बगळा एका पायावर का उभा राहतो? उत्तर पुढच्या रविवारी. आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उत्तर काढायचं नाही, हा ह्यांचा हट्ट. पुस्तकातून उचललं असतं तर काय बिघडणार होतं, सांगा! पण नाही. माझ्या परातीत बेडकांची पिल्लं, साखरेच्या डब्याजवळ मुद्दाम पाळलेल्या मुंग्या... ह्याला संसार म्हणायचं की प्रयोगशाळा, मला शेवटपर्यंत कळलं नाही. संपादकांशी तर ह्यांचं कायम वाजायचं. आईबाप तक्रार करतात, उत्तर त्याच दिवशी खाली उलटं छापू, असा त्यांचा धोशा. एकदा हे फोनवर म्हणाले, "साहेब, उत्तर खालीच भेटलं तं पोरगं घरातून उठन कायले?"

शेवटची कुंदी छापून आली तेव्हा हे दवाखान्यात होते. तळ्याकाठच्या चिखलात एक लांब रेघ आणि रेघेच्या टोकाला शिंपला. ह्याले पाय नाही, मंग हा इथवर आला कसा, असं कुंदी विचारते. उत्तर ह्यांनाही अजून दिसलं नव्हतं. गंजातले शिंपले मिटूनच बसायचे.

तेरवी झाल्यावर संपादकांचा फोन आला. फार हळवे झाले होते बिचारे. म्हणाले, मुलं विचारताहेत, उत्तर नेटवरून काढून छापतो आणि चित्रकथा थांबवल्याचं खाली लिहितो. मला असा राग आला! जन्मभर जे केलं नाही, ते आता ह्यांच्या नावाखाली? मी म्हटलं, थांबा, मी पाहते.

दुसऱ्या दिवशी गंज घेऊन तळ्यावर गेले. काठच्या उथळ पाण्यात, चिखलावर शिंपले ठेवले आणि बसले. काहीच होईना. पायांना मुंग्या आल्या. जाळं धुणाऱ्या बाईनं विचारलं, काही हरवलं का. म्हटलं, नाही व, पाहून राहिली. तेवढं बोलले आणि ह्यांची इतकी आठवण आली की रडूच फुटलं. पण डोळे पुसले नाहीत. नेमका तेव्हाच हलला तर?

आणि हलला! कसा, ते पाहून मी तोंडावर हातच ठेवला. ह्यांना केवढा आनंद झाला असता.

संध्याकाळी मीच संपादकांना फोन केला. म्हटलं, उत्तर दिसलं, पण सांगणार नाही. सवाल तोच पुन्हा छापा आणि खाली काही लिहू नका. मला वाटलं, आता चिडणार.

पण ते हळूच म्हणाले, "वहिनी, ते तळं बसस्टँडपासून किती दूर आहे?"