पाठीवरची थाप

मुलाखत संपली. कंपनीचा मालक उठला, उमेदवाराजवळ गेला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. हात उचलला नाही. तळवा डाव्या खांद्यावरून तिरका, हळूहळू खाली आणला. शर्टाखाली जानवं लागतंय का, ते बोटांनी चाचपत होता.

लागलं नाही.

उमेदवार हसून बाहेर पडला. मरोळच्या त्या काचेच्या खोलीत आम्ही तिघं उरलो. मालक, माझे सर आणि मी. सॉफ्टवेअर कंपन्यांना वरच्या जागांसाठी माणसं शोधून देणं हे आमच्या फर्मचं काम. तंत्रज्ञान प्रमुखाच्या जागेसाठी हा माणूस मी शोधला होता. मालकाने तासभर प्रश्न विचारले. तो एकदाही अडला नव्हता.

"आडनाव गावावरून आहे," मालक म्हणाला. "या ‘कर’वाल्यांचं काही कळत नाही यार."

सर माझ्याकडे वळले. "तुला कळलं असेल ना? तू वाकोल्याच्या वस्तीतली. तुमच्यातला आहे का गं?"

दोघेही हसले. मालकाने काजूची बशी माझ्यापुढे सरकवली. त्याच हाताने.

‘कल्चर फिट’ हा शब्द या धंद्यात मी पहिल्या दिवसापासून ऐकत होते. माणूस टीममध्ये मिसळेल का, एवढाच त्याचा अर्थ मला शिकवला होता. त्या दुपारी खरा अर्थ समोर बसून काजू खात होता. आणि माझ्याकडून त्यांना काय हवं होतं, तेही कळलं. मी माझीच माणसं हुंगून द्यायची.

"त्याला आत्ताच फोन कर," सर म्हणाले. "कल्चर फिट नाही म्हणून सांग. गोड बोल, तुला जमतं."

मी तिथेच फोन लावला. स्पीकरवर.

"तुमच्या कामात खोट नाही," मी म्हणाले. "जानवं नाही म्हणून नाकारताहेत. पाठीवर हात त्यासाठीच फिरवला."

"अगं ए!" सर ओरडले.

पलीकडून तो म्हणाला, "थाप कळली होती मॅडम. कॉलेजपासून खातोय. सांगितलं मात्र कुणी नव्हतं."

मालक लाल झाला होता. "बकवास! मी सगळ्यांच्याच पाठीवर थाप मारतो."

"सगळ्यांचीच तपासता," मी म्हणाले. "माहितीये."

"तुझी या लाइनमध्ये वाट लागली, समज," सर म्हणाले. त्याच संध्याकाळी मला काढून टाकलं. नंतर त्यांनी ओळखीच्या सगळ्या फर्मना फोन केले.

आता मी वाकोल्यातल्या घरातून हेच काम करते. कामं कमी येतात. नव्या कंपनीशी बोलताना सुरुवातीलाच सांगते, "मी बौद्ध आहे. माझ्या उमेदवाराची जात विचारलीत किंवा चाचपलीत, तर नाकारण्याचं खरं कारण मी त्याला तुमच्यासमोर सांगेन. तुमच्या नावासकट."

काहीजण फोन ठेवून देतात. ठेवू देत. यातला एक शब्दही मी गाळणार नाही.